बाळगुटीतल्या मायफळाला भोक कसलं असतं? कीड लागलेली असते का?

कीड लागलेली नाही, मायफळ मुळात किड्यामुळेच तयार होतं. नावात फळ असलं तरी ती ओकच्या झाडावरची गाठ आहे. झाड क्वेर्कस इन्फेक्टोरिया, तुर्कस्तान-सीरिया-इराणकडचं. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात येतो तो तिकडचा माल. अँड्रिकस गॅलिटिंक्टोरियस नावाची चिमुकली गांधीलमाशी (कुळ सिनिपिडी) कळीत अंडं घालते आणि अळीभोवती झाड आपल्याच पेशी वाढवत बसतं.

मी एकदा अडकित्त्याने एक फोडून पाहिलं. फुटता फुटेना. मधोमध छोटीशी पोकळी आणि तिथून भोकापर्यंत सरळ बोगदा. अळी त्या पोकळीत खाऊन-पिऊन मोठी होते, माशी होते आणि कुरतडत बाहेर पडते. या गाठींतून निघणाऱ्या या जातीच्या माश्या सगळ्या माद्याच. बिनभोकाचं, निळसर-हिरवट, हाताला जड मायफळ म्हणजे माशी निघण्याआधीच तोडलेलं. त्यात टॅनिन (तुरट द्रव्य) जास्त, म्हणून शाईवाले नि रंगारी तेच मागत. पांढरट, हलकं, भोकवालं दुय्यम.

आता खरी गंमत. बाहेर पडली ती माशी घरमालकीणच, म्हणजे गाठ करवणारीच, असेल असं नाही. सिनर्गस ही दुसरी माशी तिच्याच कुळातली, पण तिच्या बहुतेक जातींना स्वतःची गाठ करता येत नाही, म्हणून दुसरीच्या गाठीत अंडी घालून फुकट राहतात. त्याहून वाईट म्हणजे टोरिमस, युरिटोमा, ऑर्मायरस या माश्या. त्या कॅल्सिडॉइडिया गटातल्या, म्हणजे उसावरच्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावतो त्यातल्या ट्रायकोग्रामा या चिमुकल्या मित्रमाशीच्या नात्यातल्या. सुईसारखी नळी बाहेरून गाठीत खुपसून त्या आतल्या अळीवर अंडं घालतात. त्यांची पिल्लं यजमानाला खाऊन संपवतात. साध्या परजीवीला यजमान जिवंत लागतो. यांना तसं काही नाही. घरमालकीण काय नि भाडेकरू काय, जी अळी सापडेल ती.

तेव्हा तुमचं मायफळ नीट बघा. बाजरीच्या दाण्याएवढं एकच भोक असेल तर बहुधा मालकीण सुखरूप निघाली. टाचणीने टोचल्यासारखी बारीक दोन-चार असतील तर आत वेगळंच नाटक झालंय. आणि बिनभोकाच्यात वाळलेली माशी आतच सापडू शकते. आमच्या आजीला हे सहाणेवर वेढे देताना सांगितलं, तर म्हणाली, "गप्प बस, तूही त्यावरच वाढलायस."