हायड्रॉलिक लाँच: हरवलेली ५ टक्के ऊर्जा घर्षणात शोधू नका

रोलर कोस्टरची गाडी दाबाखालच्या तेलाने वेगात सोडणाऱ्या हायड्रॉलिक लाँचबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं लगेच ओळखलं. १५० बारची चाचणी-मांडणी, ड्रमवर केबल, गाडी दरवेळी गणितापेक्षा सुमारे ५ टक्के कमी ऊर्जा घेऊन सुटते, गेज मात्र अपेक्षित आकडा दाखवतो, म्हणून तुम्ही घर्षणाचा गुणांक वाढवून हिशेब जुळवलात. तो गुणांक आधी मूळ आकड्यावर आणा.

पंप, मोटर, कॅच-कार (गाडीला पकडून ओढणारा गाडा) यांबद्दल लिहीत नाही, ते तुम्हाला येतं. चूक नायट्रोजनच्या हिशेबात आहे, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरच्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या एका बाजूला दाबून भरलेला आणि पसरताना दुसऱ्या बाजूचं तेल ढकलणारा जो वायू, त्याच्या. दाब गुणिले घनफळ कायम, हा बॉइलचा नियम तुम्ही लावलाय. तो वायूचं तापमान स्थिर असतानाच चालतो. लाँच एक-दोन सेकंदांत आटोपतं. तेवढ्यात सिलिंडरच्या भिंतीतून उष्णता आत यायला वेळच नसतो. म्हणजे प्रसरण अडायबॅटिक (उष्णतेची देवाणघेवाण न होता) धरायचं, घनफळाचा घातांक १.४.

तुमचा वायू १.३ पट पसरतो. बॉइलप्रमाणे शेवटी ११५ बार उरायला हवेत, प्रत्यक्षात उरतात सुमारे १०४. वायू २७ अंशांवरून उणे ३ अंशांपर्यंत थंड होतो. मिळणारं काम साधारण ५ टक्क्यांनी घटतं. तुमची तूट तेवढीच आहे ना? (दाब जास्त असला की नायट्रोजन आदर्श वायूसारखा वागत नाही, तेव्हा दशांशावर भांडू नका.)

आता गेज. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर वायू हळूहळू गरम होतो आणि दाब १०४ वरून ११५ कडे चढतो. तुम्ही निवांत जाऊन वाचता तेव्हा चुकीच्या गणिताचाच आकडा समोर असतो! वेगवान प्रेशर सेन्सर लावा, सेकंदाला किमान ५०० नोंदी घ्या आणि लाँचनंतरची दोन-तीन मिनिटंही नोंदवा. तो चढ दिसला की निदान पक्कं.

अ‍ॅक्युम्युलेटर पुरवणाऱ्या एका कंपनीच्या तांत्रिक कक्षाने मला यावर एकच उत्तर पुन्हा पुन्हा दिलं: ‘नायट्रोजन वाढवा.’ सावकाश रिकाम्या होणाऱ्या यंत्रांचा तक्ता समोर ठेवून बोलत होते, प्रश्न वाचायची तसदी कुणी घेतली नाही. या सल्ल्याचा अजून राग येतो, कारण तो उलटा पडतो. प्रीचार्ज (तेल भरण्याआधीचा नायट्रोजनचा दाब) वाढला की तेलाला जागा कमी उरते आणि लाँच संपण्याआधीच पिस्टन टोकाला आदळतो. प्रीचार्ज किमान कार्यदाबाच्या सुमारे ०.९ पट ठेवा, म्हणजे तुमच्याकडे ९३-९४ बार. आणि तो तेलाच्या बाजूचा दाब शून्य करून, वायू खोलीच्या तापमानाला आल्यावरच मोजा.

खरा उपाय म्हणजे वायूच्या बाजूला जादा नायट्रोजन बाटल्या जोडा. तेल तेवढंच ठेवून वायूची जागा तिप्पट केली की प्रसरण १.१ पटच होतं आणि दोन्ही हिशेबांतला फरक २ टक्क्यांच्या आत येतो. दुसरी गोष्ट, तेल भरताना वायू तापतो आणि थांबलं की निवतो, दाबही उतरतो. म्हणून भरणं संपल्यापासून लाँचपर्यंतचा वेळ दरवेळी सारखा ठेवा, नाहीतर वेग जुळणारच नाहीत.

५ टक्क्यांना किरकोळ समजू नका. टॉप थ्रिल ड्रॅगस्टर या अमेरिकेतल्या रोलर कोस्टरचा वेग ताशी १९३ किमी होता. घर्षण, हवा सोडली तर तेवढ्या वेगाने गाडी १४६ मीटर चढेल. माथा होता १२८ मीटरवर. मधल्या १८ मीटरमध्ये वाऱ्याचा आणि चाकांचा सगळा खर्च. त्यातले ७ मीटर गेले की रोलबॅक (गाडी माथा न ओलांडता मागे घसरणं) दारात उभाच.

मी तुमची मांडणी पाहिलेली नाही, तेव्हा दाब-यंत्रणेच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय काही उघडू नका. भरायचा फक्त कोरडा नायट्रोजन. ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची हवा तेलाजवळ गेली तर स्फोट होऊ शकतो. गळती बोटाने कधीच चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक फवारा कातडी भेदून आत गेला तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठा आणि तेल दाबाने आत शिरलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

दाबाचा आलेख मिळाला की इथे टाका, सोबत वायूचं घनफळ आणि भरायला लागलेला वेळ लिहा.