इफेक्ट साइझ ०.४ आला, तर फरक 'लहान' म्हणायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हापूसच्या काही कलमांना नवं खत, काहींना नेहमीचं. दोन्हीकडची शंभर-शंभर फळं तोलली. सरासरी २४८ आणि २३६ ग्रॅम, प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती पसरलीत याचं माप) दोन्हीकडे साधारण ३० ग्रॅम. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या बरीच खाली आहे, म्हणजे खतांत फरक नसता तर नुसत्या योगायोगाने एवढी तफावत क्वचितच दिसली असती. पण कोहेनचा डी, म्हणजे फरक किती मोठा हे सांगणारा इफेक्ट साइझ, ०.४ आला म्हणून गाइड 'परिणाम लहान' असं लिहायला सांगतायत.

इतक्यात लिहू नका. डी म्हणजे सरासऱ्यांतला फरक भागिले विचलन, इथे १२ भागिले ३०, बाकी त्यात काही नाही. ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा ही पट्टी संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी वर्तनविज्ञानासाठी दिली, आणि हाताशी दुसरा आधार नसेल तरच वापरा असं स्वतःच बजावलं. आपल्याकडे प्रबंध लिहिताना ती पंचांगासारखी उघडतात!

०.४ चा अर्थ असा की दोन्ही ढिगांतून डोळे मिटून एकेक फळ उचललं, तर नव्या खताचं फळ शंभरातून साधारण ६१ वेळा जड निघेल. म्हणजे ढीग एकमेकांत बरेच मिसळलेले; नुसतं बघून बागायतदाराला फरक कळणार नाही. पण तो आंबा विकतो वजनाच्या प्रतीवर. समजा वरची प्रत २५० ग्रॅमपासून सुरू होते. वजनं घंटाकृती पसरली आहेत असं धरलं तर जुन्या खताची ३२ टक्के फळं त्या रेषेपलीकडे जातात, नव्याची ४७. शंभर फळांमागे पंधरा फळं वरच्या प्रतीत! याला लहान कोण म्हणेल? खताचा खर्च वजा करून बघा आणि मग ठरवा.

आता जरा उलटतपासणी. फळं झाडावरची सरसकट घेतलीत की डागी, बारकी बाजूला काढून? निवडलेल्या मालात विचलन १५ वर आलं, तर त्याच १२ ग्रॅमचा डी ०.८ होतो आणि खत न बदलता परिणाम 'मोठा' ठरतो. म्हणून डीबरोबर ग्रॅममधला फरक आणि विचलन लिहाच.

शिवाय विश्वास अंतर द्या, म्हणजे खरा डी साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो त्या मर्यादा. तुमच्या आकड्यांवरून डी ०.१२ ते ०.६८ मध्ये कुठेही असू शकतो, तेही प्रत्येक फळ स्वतंत्र धरलं तर. एकेका कलमाची दहा-दहा फळं असतील तर ती एकमेकांसारखीच असणार. मग तुमचा नमुना खरं तर दहा-दहा कलमांचा, आणि हे अंतर आणखी रुंदावेल. आधी प्रत्येक कलमाची सरासरी काढा, तुलना त्या सरासऱ्यांची करा. मात्र तेव्हा भागाकारात कलमांमधलं विचलन येतं, त्यामुळे तो डी या ०.४ शेजारी ठेवू नका.