'मंदिर-किनार' काहून? करवत आहे की!

प्रश्न : नागपूरच्या एका कला महाविद्यालयात वस्त्रकलेच्या अभ्यासक्रमाचं निर्वसाहतीकरण, म्हणजे इंग्रजी वसाहतीचा ठसा पुसणं, चालू आहे. साडीच्या काठावरच्या दातेरी नक्षीला, म्हणजे 'टेंपल बॉर्डर'ला, 'मंदिर-किनार' म्हणावं की 'देवालय-काठ'?

उत्तर : दोन्ही नको. इतवारीच्या कापडबाजारात जाऊन 'मंदिर-किनार दाखवा' म्हणून पाहा, दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत राहील. 'करवती' म्हणा, लगेच घड्या उलगडतील. इंग्रजी नावाला संस्कृत अंगरखा चढवला की वसाहत उठली, हा समज सध्या फार बोकाळलाय. त्याच दात्यांत तमिळ विणकराला केवडा दिसतो, ओडिया विणकराला कुंभ, आपल्याला करवत. सगळ्यांना सरसकट देऊळ दाखवलं ते इंग्रजीनं.

आता करवत. संस्कृतात करपत्र, प्राकृतात करवत्त, मराठीत करवत. कर म्हणजे हात आणि पत्र म्हणजे पान, त्यावरून धारेचं पान. गंमत अशी की 'पातं'सुद्धा या 'पत्र'चंच लेकरू. म्हणजे 'करवतीचं पातं' म्हणताना आपण पत्र दोनदा म्हणतो. डोळ्याचं पातं लवतं, तेही हेच पान!

या दातेरी काठाच्या साडीला आपण 'करवतकाठी' म्हणतो. तिच्यातल्या 'काठी'वर मात्र विद्वान घसरतात. कोणी तिला काष्ठातून काढतात. कोणी रोमन लिपीत 'ठ'चा 'ट' झालेला पाहून थेट काट्यापर्यंत पोचतात. अहो, १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार उडवले, त्याआधीची छपाई उघडा. तिथे नदीचा आणि लुगड्याचा 'कांठ' आहे, हातातली 'काठी' मात्र बिनअनुस्वाराची. तो अनुस्वार कंठाचा. संस्कृतात 'उपकंठ' म्हणजे लगत. गळ्यावरून जवळीक, जवळिकीवरून कड. माझ्या मते एवढा एक टिंब साऱ्या काष्ठवाद्यांना पुरून उरतो.

आणि नाव चुकलं की हातही चुकतो. 'टेंपल' ऐकलं की विद्यार्थी त्रिकोणांची रांग काढतो. नक्षी आधी कागदावर, मग वस्तूवर, ही लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेची शिस्त. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ती रुजली आणि आपल्या संकल्पचित्राच्या वहीत अजून आहे. मागावर त्रिकोण नसतोच. आडवा धागा नेणारे तीन धोटे असतात, दोन काठांचे नि एक अंगाचा. अंग टसर रेशमाचं, काठ मर्सराइज्ड सुताचा. काठाचा नि अंगाचा असे दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, जिथे एकमेकांत अडकतात ती जागा मागेपुढे सरकते, तोच दात.

आलेखाच्या कागदावर एक चौकोन एक धागा धरा. सरावाला ८ बाण्यांचा दात पुरे : चार बाणे हा जोड एकेक ताणा, म्हणजे उभा धागा, आत, चार बाणे एकेक बाहेर. कड तिरपी नाही, पायऱ्यांची येईल. बाणे अडकवायचे राहिले तर तिथे फट पडते. सुती बाणा जास्त ओढला तर काठ चुणतो, कारण सूत आणि टसर सारखा ताण घेत नाहीत.

'निर्वसाहतीकरण' की 'विवसाहतीकरण' हेही तुम्ही खाली विचारलंय. कोणतंही लिहा, पण किनारीपुढे 'करवत' लिहा.