हिब्रू कवितेला ‘चाल लावली’ म्हणावे का?

एका वाचकाने विचारले आहे की, हिब्रू कविता गायकाचा आवाज आणि मोजकी वाद्ये यांच्यासाठी बांधणाऱ्या आजच्या संगीतकाराविषयी मराठीत लिहिताना ‘कवितेला चाल लावली’ असे म्हणता येईल का. माझ्या मते येथे ‘स्वररचना केली’ असे म्हणावे.

‘चाल’ ही शब्दांपासून सुटी काढता येते. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून आपल्या नाटकांत पदांच्या डोक्यावर अमुक गाण्याची चाल असे छापलेले आढळते, आणि हिब्रूतही ही रीत जुनीच आहे. इस्राएल नजारा या कवीचा जो संग्रह 1587 साली गॅलिलीतील सफेद या गावी छापला गेला, त्यातील धर्मगीते कोणत्या तुर्की, अरबी वा स्पॅनिश गाण्याच्या वळणावर म्हणायची, ते तेथेच दिलेले होते. तेथे ‘चाल’ हाच शब्द चपखल बसतो. (हिब्रूत ‘शीर’ हा एकच शब्द कविता आणि गाणे या दोहोंना चालतो, हेही मला फार सुंदर वाटते.)

अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांच्या 1981 मधील ‘तेहिलीम’ (म्हणजे ‘स्तोत्रे’) या रचनेची गोष्ट वेगळी आहे. त्यात हिब्रू बायबलमधील एकोणिसाव्या स्तोत्राची ‘हाशामायिम मेसापेरीम’, म्हणजे ‘आकाश सांगते आहे’, अशी सुरुवात आहे. पहिल्या शब्दात आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर, ‘मा’वर पडतो, तर दुसऱ्यात अखेरच्या ‘रीम’वर. आघात सरकला की हिब्रूत अर्थही बदलू शकतो: ‘बीरा’ आघात ‘बी’वर असता बिअर, ‘रा’वर असता राजधानी. त्यामुळे राइश ठरीव ताल शब्दांवर लादत नाहीत. दोन-तीन मात्रांचे गट शब्दांच्या ओघाप्रमाणे सतत बदलतात आणि झांजा नसलेल्या खंजिऱ्या आणि हातांच्या टाळ्या तोच ओघ उचलतात. ही लय त्या शब्दांतूनच निघाली असल्याने ती उचलून दुसऱ्या कवितेवर ठेवता येत नाही, म्हणून ती ‘चाल’ नव्हे. ‘संगीतबद्ध केली’ हे चुकीचे नाही, पण मोघम आहे.

मात्र इस्रायली संगीतकार पाउल बेन-हाइम यांनी ब्राखा झफिरा या गायिकेसाठी पारंपरिक गाण्यांना पियानोची साथ लिहिली, तेथे ‘चाल पारंपरिक, साथीची रचना बेन-हाइम यांची’ असेच लिहावे, कारण ते सूर त्यांच्या आधीपासून लोकांच्या तोंडी होते.