‘देवाचा पुत्र’ नेमका कोण? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : येशूला देवाचा पुत्र म्हणतात एवढं माहीत होतं. बायबल सलग वाचायला घेतलं, तर इस्राएल राष्ट्र, राजा, देवदूत, अगदी आदामसुद्धा देवाचा पुत्र! मग येशूचं वेगळेपण काय उरलं? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : सलग वाचताय म्हणून ही अडचण आली. सुटी वचनं पाठ करणाऱ्यांना ती येत नाही. निर्गम ४:२२ मध्ये मोशेने फारोला द्यायचा निरोप आहे : इस्राएल माझा ज्येष्ठ पुत्र आहे. इथे पुत्र म्हणजे वेठबिगारीत पिचलेली एक अख्खी जमात. २ शमुवेल ७:१४ मध्ये नाथान संदेष्टा दावीदाला सांगतो, की तुझ्या वंशजाचा देव पिता होईल. आणि त्याच दमात, त्याने अपराध केला तर त्याला शिक्षाही होईल. म्हणजे हा पुत्र चुकू शकणारा राजा. स्तोत्र २:७ मधलं ‘आज मी तुला जन्म दिला’ हे वचनही राजाचंच. त्यातला ‘आज’ बाळंतपणाचा नाही, गादीवर बसण्याचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ईयोब १:६ मधले देवपुत्र स्वर्गातले दरबारी. येशूचं चरित्र सांगणारे चौघे : मत्तय, मार्क, लूक, योहान. त्यांतला लूक (३:३८) आदामाला वंशावळीच्या शेवटी देवाचा म्हणतो, कारण त्याच्या आधी दुसरा बापच नाही.

येशूच्या बाबतीत हे सगळे धागे एकत्र येतात. मत्तयाचं चौथं प्रकरण उघडा आणि शेजारी जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचं सहावं आणि आठवं ठेवा. सैतान येशूची तीनदा परीक्षा घेतो, आणि त्यात दोनदा म्हणतो, ‘तू देवाचा पुत्र आहेस तर’. येशू तिन्ही वेळा अनुवादातल्याच ओळींनी उत्तर देतो (८:३, ६:१६, ६:१३). त्या ओळी इस्राएलाच्या रानातल्या चाळीस वर्षांबद्दलच्या आहेत, आणि अनुवाद ८:५ सांगतं की बाप मुलाला शिस्त लावतो तशी देवाने तिथे त्यांना लावली. इस्राएल त्या परीक्षेत घसरला. तीच परीक्षा येशू चाळीस दिवसांत देतो आणि उतरतो. मत्तयाच्या लेखी पुत्राची पहिली खूण चमत्कार नव्हे, आज्ञापालन. धोंड्याची भाकर करून दाखवायला येशू नकार देतो, तो याचसाठी.

मार्कची मांडणी आणखी धारदार. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणी होते, भुतं ओरडून सांगतात, प्रमुख याजक विचारतो. पण ‘खरोखर हा देवाचा पुत्र होता’ हे कबूल करणारा पहिला माणूस म्हणजे रोमी शताधिपती, आणि तेही येशूने वधस्तंभावर प्राण सोडल्यावर (१५:३९). त्या काळच्या रोमी दिनारावर तिबिर्य कैसराचा, म्हणजे तेव्हाच्या रोमी सम्राटाचा, मुखवटा असे आणि भोवती लॅटिन अक्षरं : दिव्य ऑगस्टसचा पुत्र. त्या साम्राज्याचा पगारी अधिकारी ही पदवी कैसराऐवजी क्रुसावरच्या माणसाला देतो. ही ओळ नुसती धार्मिक भावना म्हणून वाचली, तर तिच्यातली अर्धी धग जाते.

आणि योहान? तो बेथलेहेमपर्यंत, म्हणजे येशूच्या जन्मापर्यंत, थांबतच नाही. ‘प्रारंभी शब्द होता’ (हा शब्द म्हणजे येशूच) इथून सुरुवात करून तो पुत्रत्व सृष्टीच्याही आधी नेतो. वेगळेपण शोधायचं ते इथे. इस्राएल आणि राजा पुत्र झाले. योहानाचा येशू पुत्र झालेला नाही, आहेच.

प्रश्न : मुस्लिम शेजारी विचारतात, देवाला बायको नाही, मग मुलगा कसा? काय उत्तर द्यावं? – एक वाचक, कुर्ला

उत्तर : त्यांची हरकत रास्त आहे, आणि ख्रिस्ती शिकवणही शरीरसंबंधाची कल्पना तितक्याच ठामपणे नाकारते. येशूची आई मरिया हिला देवदूत मुलाची वार्ता देतो ते वचन, लूक १:३५, काळजीपूर्वक वाचा. पवित्र आत्मा मरियेचा नवरा आहे असं तिथे कुठेही नाही. घोटाळा होतो तो पुत्रत्व मरियेपासून सुरू झालं असं धरल्यामुळे. इ.स. ३२५ मध्ये निकियात धर्मसभा भरली तेव्हा वाद वेगळाच होता. अलेक्झांड्रियाचा अरियस म्हणत होता, पुत्र ही देवाची पहिली निर्मिती. सभेने ठरवलं की पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याच्याच तत्त्वाचा आहे. शेजाऱ्यांशी बोलताना निकियापासून नको, स्तोत्र २ पासून सुरुवात करा. राजाला देवाचा पुत्र म्हणणं हे नातं आणि अधिकार सांगणं आहे, हे पटलं की पुढचं बोलणं सोपं जातं. मतभेद मिटणार नाही, पण निदान खऱ्या मुद्द्यावर येईल.

प्रश्न : प्रेषित पौल आपल्या पत्रांत विश्वासणाऱ्यांना दत्तक म्हणतो. म्हणजे आम्ही दुय्यम? आणि सगळे ‘पुत्र’च, मग आम्ही बायका कुठे? – एक वाचक, माहीम

उत्तर : दत्तक म्हटलं की आज डोळ्यांसमोर तान्हं मूल येतं. रोमी उच्चकुळांत बहुधा मोठ्या पुरुषालाच दत्तक घेत, ते नाव आणि मिळकत चालवायला. ऑगस्टसने तिबिर्याला इ.स. ४ मध्ये दत्तक घेतलं तेव्हा तो पंचेचाळिशीला टेकला होता, आणि पुढे सम्राट झाला. आपल्याकडे सातारच्या गादीचं दत्तकविधान इंग्रजांनी नामंजूर केलं आणि १८४८ मध्ये राज्य खालसा झालं. दत्तकाचा हक्क पुरा असतो, म्हणूनच तो अमान्य करावा लागला. रोमकरांस ८:१७ मध्ये पौल नेमकं हेच म्हणतो : मुलं, तर वारसही, ख्रिस्ताबरोबर वारस. फरक एवढाच, की ख्रिस्ताचं पुत्रत्व मूळचं आणि आपलं त्याच्यामुळे मिळालेलं.

बायकांबद्दल : गलतीकरांस ३:२६ मध्ये ‘सर्व पुत्र’ म्हणून दोनच ओळींनंतर तो ‘पुरुष व स्त्री हा भेद नाही’ म्हणतो. म्हणजे वारसा सगळ्यांना सारखा. २ करिंथकरांस ६:१८ मध्ये तर नाथानाचंच वचन घेऊन त्यात ‘कन्या’ घातल्या आहेत, ज्या मूळ वचनात नव्हत्या. आमच्या मते हा बदल मुद्दाम केलेला आहे.

प्रश्न : कलस्सैकरांस १:१५ मध्ये येशू ‘सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ’. म्हणजे तोही निर्मितीतलाच ना? – एक वाचक, भायखळा

उत्तर : अरियसाच्या बाजूच्यांनाही हे वचन सोयीचं वाटायचं. स्तोत्र ८९:२७ मध्ये देव दावीदाला ज्येष्ठ करीन म्हणतो, आणि दावीद तर इशायाचं शेंडेफळ. ज्येष्ठपण तिथे जन्मक्रमाचं नाही, मानाचं आहे. शिवाय पुढचंच, सोळावं वचन सगळं त्याच्या ठायी निर्माण झालं म्हणतं. पंधरावं वाचून थांबू नका.