मुडद्याला हात कोणी लावला?

रहस्यकथेतलं पात्र खरंच मेलंय की मेल्याचं सोंग करतंय हे शेवटाआधी कसं ओळखायचं, आणि चाहत्यांच्या थिअऱ्या कधी खऱ्या ठरतात का, असं तुम्ही विचारलंय.

मी एकच गोष्ट बघतो. "गेला" असं सांगणारा कोण, आणि मुडद्याला हात कोणी लावला?

शेरलॉक होम्सचंच घ्या. १८९३च्या कथेत रायशेनबाख धबधब्यापाशी वॉटसनला काय सापडतं? काठी, चिठ्ठी आणि कड्याकडे गेलेल्या दोन माणसांच्या पाऊलखुणा. परतीची एकही खूण नाही. प्रेतही नाही! लेखक कॉनन डॉयलला त्याला खरोखरच संपवायचं होतं, पण ही फट राहिली आणि १९०३ साली त्याच फटीतून होम्स परत आला.

होम्सवरच्या बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेत मामला अवघड होता. जानेवारी २०१२च्या भागात तो हॉस्पिटलच्या छतावरून उडी मारतो, खाली रक्ताळलेला देह पडलेला, आणि वॉटसन स्वतः त्याचं मनगट धरतो. पण उडीच्या आधी शेरलॉक एक चेंडू उडवत बसलेला दिसतो. लोकांनी तो बरोबर पकडला: काखेत चेंडू दाबला की मनगटाची नाडी लागत नाही.

आम्ही सदाशिव पेठेतल्या रूमवर हे करून पाहिलं. तुळशीबागेतून आणलेला पहिला चेंडू इतका मऊ की काखेत चपटाच झाला. दुसरा टणक होता. मी दंड घट्ट आवळला, मेडिकलला असलेल्या मित्राने मनगट धरलं. नाडी बारीक होत होत गेली की! मग त्याने गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाला, "इथे धडधडतंय, ऊठ मेल्या."

मग लष्करात राहिलेल्या डॉक्टर वॉटसनने गळा का नाही चाचपला? कारण धावत येताना त्याला एका सायकलवाल्याने पाडलं होतं, तो भेलकांडत होता आणि भोवतीची माणसं त्याला मागे ओढत होती. म्हणजे सायकलवालाही सामील. २०१४ साली उत्तर आलं त्यात चेंडूही होता, सायकलवालाही. अर्थात ते उत्तर ऐकणाऱ्यालाच पटत नाही, तो भाग वेगळा.

अगाथा ख्रिस्तीची १९३९ची दहा जणांच्या बेटाची कादंबरी वाचली नसेल तर हा परिच्छेद सोडा. तिथे मेल्याचं सोंग करणाऱ्याची नाडी फक्त डॉक्टर बघतो, बाकीच्यांना तो लांबच थांबवतो. हे दुसऱ्या वाचनात लख्ख दिसतं.

जुळा भाऊ काढणाऱ्या थिअऱ्या मी वाचतसुद्धा नाही. आधी सुगावा दिला नसेल तर जुळे आणू नयेत, असं रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ सालीच लिहून ठेवलंय. तशी आपल्या पुण्याला 'तो मेलाच नाही' ही थिअरी जुनीच. १७६१ला पानिपतावर भाऊसाहेब गेले, पण पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही, आणि पुढे तोतया उभा राहिला तेव्हा "हेच भाऊ" म्हणणारेही निघाले.

माझी स्वतःची थिअरी? शेरलॉक समोर उभ्या असलेल्या ट्रकमधल्या पोत्यांवर पडला, अशी मी पैज लावली होती. चेंडूची थिअरी त्या मेडिकलवाल्या मित्राची. दोन वर्षांनी मिसळ मीच खायला घातली, वर दोन जादा पाव.