वाचकांचे प्रश्न : ‘सिस्को लाइव्ह’ला जाण्याआधी

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी नेटवर्क सांभाळतो. मालक मला अमेरिकेतल्या ‘सिस्को लाइव्ह’ला (नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची परिषद) पाठवायला तयार आहेत. शेकडो सेशन्समधून निवडायचं काय? शिवाय पुणे ऑफिसचा आयपीसेक टनेल (इंटरनेटवरून जाणारी सांकेतिक, सुरक्षित जोडणी) चालू दिसतो, पण ईआरपीची (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) मोठी स्क्रीन अडकते. हे तिथे विचारता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जरूर विचारा, त्यासाठीच जायचं. बहुतेक व्याख्यानांची रेकॉर्डिंग आणि स्लाइड्स नंतर सिस्कोच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, फक्त लॉगिन लागतं. जे सोलापुरात बसून पाहता येतं, त्यासाठी तिथला दिवस घालवू नका. लॅब आणि ‘मीट द इंजिनिअर’ची (सिस्कोच्या इंजिनिअरशी समोरासमोर भेट) वेळ आधी राखून ठेवा, कारण जागा मोजक्या असतात. सेशनच्या कोडमधला पहिला अंक पातळी सांगतो : १ प्राथमिक, २ मध्यम, ३ प्रगत. विषय रोजच्या हाताखालचा असेल तरच ३ घ्या.

आता तुमचा टनेल. लक्षणं एमटीयूची, म्हणजे लिंकमधून एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराची वाटतात. १५०० बाइटच्या पॅकेटला आयपीसेकची वेष्टनं चढली की ते लिंकमध्ये मावत नाही. ‘तुकडे करू नका’ हा डीएफ बिट लावलेला असतो, आणि ‘पॅकेट मोठं आहे’ असं कळवणारा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवण्याची पद्धत) निरोप फायरवॉल अडवतो. लहान पॅकेट जातात, म्हणून लॉगिन होतं. मोठी वाटेतच टाकली जातात, म्हणून स्क्रीन थांबते. डीएफ लावून टनेलमधून १४७२ बाइटचा पिंग (चाचणीचं पॅकेट) करा (२८ बाइट हेडर धरून १५००) आणि जाईपर्यंत आकडा उतरवत न्या. १३७२ ला गेला, तर एमटीयू १४००. त्यातून हेडरचे ४० वजा करून राउटरवर टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १३६० लावा. हे निघण्यापूर्वीच करून बघा. तरीही अडलं, तर पिंगचे आकडे, राउटरचं मॉडेल, आयओएसची (राउटरवरची सिस्कोची प्रणाली) आवृत्ती आणि एका पानाची आकृती बरोबर न्या. ‘नेट स्लो आहे’ एवढ्यावर कुणीच उत्तर देऊ शकत नाही. कॉन्फिगरेशन दाखवण्याआधी प्री-शेअर्ड की (टनेलच्या दोन्ही टोकांची गुप्त किल्ली), पासवर्ड आणि पब्लिक आयपी मात्र काढून टाका.

नोंदणीचे पैसे भरण्याआधी व्हिसाच्या तारखा बघा. मुलाखतीसाठी कधीकधी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा वेगवेगळ्या मिळतात, मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पहाटे उतरून त्याच सकाळची वेळ गाठायची जोखीम घेऊ नका, आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचा. नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव एका ठिकाणी आणि दुसरीकडे नाही, असं झालं की बॅज घेताना अडतं.

प्रदर्शनात स्टॉलवाले तुमचा बॅज स्कॅन करतात. त्यातून तुमचा संपर्क त्या कंपनीकडे जातो आणि नंतर विक्रीचे फोन सुरू होतात. म्हणून नोंदणी करताना ऑफिसचाच ईमेल आणि फोन द्या, आणि ज्यांच्याकडून खरंच काही घ्यायचंय, तिथेच बॅज पुढे करा.